शुद्धिपत्र

किणयेकर मास्तर आमची प्रुफं फुकट तपासतात,
चहा आणि द्रोणभर कुंद्यावर.
लाल पेन त्यांचं स्वतःचं.
खानापूर तालुक्यातल्या पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ
बत्तीस वर्षं सरळ केले,
आता आमचे करतात.

पुस्तक तिसरं. खडेबाजारच्या बोळात
शिवणक्लासच्या वरच्या खोलीत
मी आणि दाक्षायणी, दोघीच प्रकाशक,
दोघीच हमाल.
सात बायकांच्या सात विज्ञानकथा,
सगळ्या ह्याच पट्ट्यातल्या. निपाणी, चिकोडी, वडगाव,
एक तर पार कणकुंबीची.

जुबेदा बागवान विड्या वळते.
तिच्या कथेत बायका यानाच्या वाती वळतात, दिवसाला हजार,
आणि चेकर छाट काढतो,
शंभरात दहा, बारा, मनाला येईल तेवढी.
छाटातल्या वाती बायका ओच्यात लपवून नेतात.
वीस वर्षं.
मग एका पहाटे कुणाच्या तरी परसात
यान उभं असतं.

यल्लूबाई मुतगेकरच्या कथेत
दुसऱ्या ताऱ्यावरून खानेसुमारीवाला येतो,
विचारतो, मातृभाषा?
ती जीभ काढून दाखवते.
तो लिहून घेतो: गुलाबी, ओली,
मधे जराशी भाजलेली.

तर मास्तरांनी जिथं जिथं ‘ग्रह’ होता
तिथं तिथं ‘गृह’ केलं.
एकेचाळीस जागी.
मास्तर वाईट नव्हेत. त्यांना वाटलं,
बायकांचं लिहिणं, चुलीपुढं हात चुकला असेल.
परशरामनं कॉम्प्युटरवर मुकाट तसं मारलं,
फॉर्म छापून वाळत पडले,
आणि त्यानंतर दाक्षायणीनं मोठ्यानं वाचलं:

*तिनं गृह सोडलं तेव्हा इंधन जेमतेम होतं.*
*गृहावर ओढ इतकी, की पाऊल उचलेना.*
*ह्या गृहावर श्वास घेता येतो*
*असा पुरावा अजून मिळालेला नाही.*
*लांबून पाहिलं तर गृह लिंबाएवढं दिसलं,*
*आणि सुंदर.*

हसलो. खाली शिवणयंत्रं थांबली
एवढं हसलो.
मग दाक्षायणी एकदम गप्प.
सौंदत्तीची मुलगी, मराठी तिला सासरी आली.
सासर सुटलं,
मराठी राहिली.

कागद नव्यानं घ्यायचा तर बावीस हजार.
जुबेदाला फोन लावला.
मागं कात्रीचा आवाज, पान कापायचा.
“असूंदे की,” ती म्हणाली,
“खोटं काय हाय त्यात?”

शेवटी शुद्धिपत्र छापलं, बोटभर चिठ्ठी,
पाचशे प्रतींत खळीनं एकेक चिकटवली:
‘गृह’ असे छापले आहे तेथे ‘ग्रह’ वाचावे.
खाली दाक्षायणीची एक ओळ:
आहे तसे वाचले तरी अर्थ लागतो.

जानेवारीत, संमेलनाच्या मांडवात,
उपरणंवाले एक गृहस्थ टेबलाशी थांबले.
चाळून म्हणाले, सीमाप्रश्नावर काही?
आहे की, मी म्हटलं, पान त्र्याऐंशी.
जिथं ओढ संपते ती रेघ शोधत
एक बाई अकरा वर्षं उडते आहे,
यंत्रात सापडत नाही,
एकदा फक्त झोपेत ओलांडून जाते.
त्यांनी चष्मा लावला, उभ्यानंच चार पानं वाचली,
वीस रुपये कमी करा म्हणाले.

परवा मास्तर आले, जिन्यात दम लागलेला,
काखेत पुस्तक.
शेवटच्या पानावर लेखिकांची माहिती,
यल्लूबाईनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली:
*व्यवसाय: ग्रहिणी.*

“एवढं नजरेतून सुटलं बघा,” म्हणाले,
आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

दाक्षायणीनं कुंद्याचा द्रोण आणला
आणि ठेवला
नेमका त्या ओळीवर.